चंद्रकळेला ऊन

सन २०२५. पौष महिना, संक्रांतीच्या आधीचा आठवडा. त्या आठवड्यात गाझियाबादेत सूर्य निघाला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यातला निम्मा दोष सूर्याचा आहे. उरलेला निम्मा मी, अंबादास आणि आंबेमोहोर तांदूळ यांनी वाटून घ्यावा.

मी मारुतराव. फौजेतून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो. शाळा सातवीपर्यंत. पुढचं शिक्षण परेड ग्राउंडवर झालं. (तिथे नापास व्हायची सोय नव्हती.) मुलगा धैर्यशील गुरुग्रामला नोकरीला लागला, म्हणून आम्ही नवरा-बायको इकडे आलो आणि त्याच्यापासून बेताच्या अंतरावर, गाझियाबादेत, सोसायटीत फ्लॅट घेतला. एका घरात राहत नाही, म्हणून संबंध चांगले आहेत.

गोष्ट साडीची आहे. साडी माझ्या बायकोची, प्रभावतीची.

फौजेत असताना आम्ही छावणीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. प्रभावती शिवणयंत्रावर ब्लाउज शिवायची. ऑफिसरांच्या बायका भारी भारी साड्या घेऊन यायच्या आणि हिच्याकडून त्यावर ब्लाउज शिवून न्यायच्या. ब्लाउज हिने शिवले, साड्या त्यांच्या राहिल्या. त्या कमाईला मी कधी हात लावला नाही. तिनेही लावला नाही. मागच्या वर्षी ती आपल्या बहिणीला, अरुणाला घेऊन येवल्याला गेली आणि तिथल्या मागावर स्वतःसाठी चंद्रकळा विणायला टाकून आली. काळी कुळकुळीत पैठणी, लाल काठ, जरीच्या पदरावर नाचणारे मोर. किंमत मला सांगितली नाही. विचारली तेव्हा म्हणाली, "तुम्हाला झोप लागणार नाही."

ती साडी तिने एकदाही नेसली नाही. ठेवली होती एका दिवसासाठी. आमची सून सृष्टी, तिची ही लग्नानंतरची पहिली संक्रांत. संक्रांतीला आपल्यात काळं नेसतात, नव्या सुनेला हलव्याचे दागिने घालतात, बायका हळदीकुंकवाला येतात. त्या बायकांत सृष्टीची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई कुमुदताई येणार होत्या. त्यांचे यजमान श्यामकांतराव केंद्र सरकारच्या नोकरीत होते. सगळा संसार सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये झाला. लग्नात कुमुदताईंनी प्रभावतीच्या साडीचा काठ दोन बोटांत धरून पाहिला होता आणि म्हणाल्या होत्या, "सुटसुटीत आहे हो."

तो शब्द प्रभावतीने लग्नातून घरी आणला. तेव्हापासून तो आमच्याकडेच राहायला आहे.

संक्रांतीच्या आधी प्रभावती गुरुग्रामला गेली. सृष्टीला घेऊन हलव्याचे दागिने करायचे होते. भोगीला दोघी परत येणार होत्या. जाताना तिने माझ्या जुन्या फौजी ट्रंकेतून चंद्रकळा काढली, नाकाजवळ नेली आणि तोंड वाकडं केलं.

"डांबराच्या गोळ्यांचा वास बसलाय. ऊन पडलं की बाल्कनीत उलटी करून ऊन दाखवा. थोडा वेळ. बाकी काही करू नका."

"मला समजत नाही का?"

"तुम्हाला समजतं, म्हणूनच सांगतेय."

हुकूम स्पष्ट होता. त्याचा पहिला भाग मी नीट ऐकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडी हातांवर घेऊन बाल्कनीत गेलो. समोरचा टॉवर दिसत नव्हता. खालची बाग दिसत नव्हती. हात लांब केले तर साडीचं टोक दिसत नव्हतं. त्याच्या पुढच्या दिवशी तसंच. धुक्यातून, शेजारच्या बाल्कनीतून आवाज आला, "अंकल, रोज किसको ढूँढते हो?"

"सूरज को."

"वो तो छुट्टी पर है."

फौजेत हवामानाची सबब चालत नाही. बर्फ पडतंय म्हणून गस्त परत फिरली, असं मी पाहिलेलं नाही. मी साडीचा वास घेतला. डांबर होतंच. मग मी एक छोटा निर्णय घेतला. वास काढायचा आहे ना? वास पाण्याने जातो. (हे मी किती जवानांना सांगितलं असेल त्याला गणती नाही. तिथे ते खरं होतं.)

बादली भरली. कपड्यांची पावडर टाकली. थोडी जास्त पडली. साडी बुडवली आणि हाताने खळबळली. पाणी काळं झालं. मला वाटलं, मळ निघतोय. पाणी बदललं, परत काळं झालं. नवी कोरी, एकदाही न नेसलेली साडी, तिच्यात एवढा मळ कुठून आला, हा विचार माझ्या मनात आला होता. मी त्याला थांबवून घेतलं नाही.

पिळताना आम्ही फौजेत एक टोक खुंटीला अडकवतो आणि दुसऱ्याने पीळ देतो. तसंच केलं. साडी हॉलमध्ये दोरीवर टाकली, खाली हीटर लावला. सुकली तेव्हा डांबराचा वास गेलेला होता. काळा रंगही पुष्कळसा गेलेला होता. लाल काठाने बाजूच्या जरीला थोडा लाल रंग दिला होता. आणि साडी दोरीवरून लोंबत होती, पहिल्या दिवसाच्या पीटीनंतर रंगरूट लोंबतो तशी. तिच्यात उभं राहायची इच्छा उरलेली नव्हती.

इथे मी थांबायला हवं होतं. हे मला आज कळतं. त्या दिवशी मला कळलं ते एवढंच, की कपडा लुळा पडला आहे आणि लुळ्या कपड्याला एक इलाज आहे.

मी अंबादासला फोन लावला. तो आमच्या पलटणीत धुलाईचं बघायचा. त्याने धुतलेल्या वर्दीत माणूस बसू शकत नसे, इतकी ती कडक असायची. आता तो इंदिरापुरमला मुलाकडे असतो आणि कुणाचाही फोन आला तरी खूश होतो.

"अंबादास, एक कपडा लुळा पडलाय."

"कसला कपडा, साहेब?"

कसला ते सांगणं मला प्रशस्त वाटलं नाही. "काळा आहे."

"वर्दीचा?"

"समारंभाचा."

"मग कांजी मारा, साहेब. तांदळाची. आजकालची ती बाटलीतली नको. आपली."

"किती घट्ट?"

"आपल्या पलटणीचा हिशोब माहीत आहे ना तुम्हाला? आत माणूस नसताना कपडा उभा राहिला पाहिजे."

"बरं."

"आणि साहेब, परेड कधी आहे?"

"संक्रांतीला," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

स्वयंपाकघरात तांदळाचे दोन डबे असतात. खालचा रोजचा. वरच्या डब्यात आंबेमोहोर, गावाहून आलेला, पाहुण्यांसाठी राखलेला. मी वरचा डबा काढला. कारण असं, की आंबेमोहोराला सुवास असतो, आणि मूळ तक्रार वासाची होती. (त्या आठवड्यात मी जे जे केलं त्याला कारण होतं. विनाकारण मी काहीच केलेलं नाही. तेच जास्त वाईट आहे.)

तांदूळ खूप शिजवला. पातळ पेज झाली. ती कोमट असताना साडीवर ओतली आणि सगळीकडे हाताने चोळली. कांजी आधी गाळून घ्यायची असते हे अंबादासने सांगितलं नाही. सुभेदाराला एवढं माहीत असणार, असं त्याने धरलं असेल. मग साडी परत हीटरवर. मग इस्त्री. पाणी मारत मारत, कडेला कड जुळवून, जोर देऊन. घडीची धार अशी आली, की तिने कोथिंबीर चिरता आली असती.

साडी टेबलाशेजारच्या कोपऱ्यात ठेवली आणि चहा करायला गेलो. परत आलो तर हॉलच्या कोपऱ्यात कुणीतरी उभं होतं. माझी पाठ आपोआप ताठ झाली. मग कळलं, ती चंद्रकळा होती.

मी जवळ गेलो. हात लावला. ती हलली नाही. पदरावरचे मोर आधी नाचत होते, आता सावधानमध्ये उभे होते. आणि काळ्या रेशमावर जागोजागी पांढरं आलं होतं. काही ठिकाणी पांढरे डाग, काही ठिकाणी पांढरे ओघळ, काही ठिकाणी अख्खी शितं, इस्त्रीने चपटी झालेली. मी पुष्कळ नकाशे वाचले आहेत. पदरावर मला सगळं लडाख दिसलं, नद्यांसकट.

मी खुर्चीत बसलो. बराच वेळ बसलो. गोळीबारात मी इतका वेळ कधी बसलो नव्हतो.

माझ्यावर रागावणारी माणसं मी पाहिली आहेत. त्याचं मला काही वाटत नाही. पण छावणीत दुसऱ्यांच्या साड्यांना टाचण्या लावताना प्रभावतीचं तोंड कसं असायचं, ते मला आठवलं. त्या साड्या ती कधी अंगाला लावून पाहायची नाही. आरसा बाजूलाच असायचा. आता एक साडी तिची झाली होती आणि ती माझ्यासमोर कोपऱ्यात, शिक्षा झाल्यासारखी उभी होती.

सोसायटीच्या मार्केटमधल्या ड्रायक्लीनरकडे गेलो. साडी बगलेत मारून नेली, फळी नेतात तशी. त्याने ती काउंटरवर ठेवली. खट्ट असा आवाज झाला.

"अंकल, ये क्या है?"

"साड़ी है."

त्याने घडी उलगडून पाहिली. उलगडली नाही. त्याने आतल्या माणसाला बोलावलं. दोघांनी मिळून पाहिली.

"ये नहीं खुलेगी, अंकल. जबरदस्ती की तो टूट जाएगी."

"साड़ी टूटती नहीं."

"ये टूटेगी. आप लिखकर दे दो, हम कोशिश कर लेंगे. लोहड़ी के बाद आना."

मी काहीच लिहून दिलं नाही. मी लिहून देणाऱ्यांतला नाही. साडी परत बगलेत मारली आणि घरी आलो. लिफ्टमध्ये एका बाईने मला विचारलं, की घरात फर्निचरचं काम काढलंय का.

दुपारी प्रभावतीचा फोन आला.

"ऊन पडलं का?"

"नाही."

"इकडेही नाही. मग साडी?"

"बाहेर काढली आहे."

"वास गेला?"

"गेला." हे खरं होतं. डांबराचा गेला होता. आता भाताचा येत होता.

"बाकी काही केलं नाहीत ना?"

मी खोटं बोलत नाही. म्हणून म्हणालो, "भोगीच्या भाजीला मटार आणून ठेवू का?"

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली आहेत, की मी मटारचं विचारलं म्हणजे काहीतरी बिघडलं आहे, हे तिला कळतं. पण काय बिघडलं आहे याची कल्पना तिला कुठून येणार? ती म्हणाली, "आणा," आणि फोन ठेवला.

आता वेळ नव्हता. मी डोकं शांत ठेवून विचार केला. अडचण काय? काळ्यावर पांढरं आलं आहे. काळ्यावर पांढरं आलं तर काय करायचं, हे मला फौजेने शिकवलेलं आहे. रोज सकाळी शिकवलेलं आहे. मी पलंगाखालून बूट पॉलिशची डबी काढली.

एवढं वाचून कुणी हसेल तर हसू दे. बुडणारा माणूस काय धरतो ते काठावरून बघायला सोपं असतं. मी बारीक ब्रशने एक डाग काळा केला. गेला. मला बरं वाटलं. दुसरा केला, तिसरा केला. मग न झालेल्या जागा फिक्या दिसायला लागल्या, म्हणून त्याही केल्या. मग सगळीकडे सारखं दिसावं म्हणून मोठा ब्रश घेतला. शेवटी सवयीने फडकं मारलं. साडी चमकली. दोन मोरांचे डोळे बुजले. कपड्यात माझं तोंड दिसायला लागलं. मी तिकडे बघितलं नाही.

भोगीला दोघी आल्या. सृष्टीच्या हातात दागिन्यांचा डबा होता, पांढरा शुभ्र हलवा, बारीक काटे आलेला. ती दिल्लीत वाढलेली पोर. मनाने चांगली, मराठी जमेल तितकं.

"बाबा, बघा ना, आईंनी किती सुंदर बनवलंय. आणि आता मला ती चंद्रकळा दाखवणार आहेत. मी ममाला सांगितलंय, शी इज सो एक्साइटेड."

ममा म्हणजे कुमुदताई.

प्रभावतीने चप्पल काढली, दारातच थांबली आणि नाक वर केलं. "बूट कुणाचे चकचकीत केलेत?"

ती आतल्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. सृष्टी आत गेली आणि हळूच बाहेर आली.

"बाबा," ती दबक्या आवाजात म्हणाली, "वो अपने आप खड़ी है."

मी आत गेलो. साडी पलंगाला टेकून उभी होती. प्रभावती तिच्यासमोर बसली होती. तिने बोटाच्या पेराने साडीवर टकटक केलं, दारावर करतात तसं. मग बोट पाहिलं. बोट काळं झालं होतं.

"हे काय आहे?"

"साडी."

"कुणाची?"

तिने पदराजवळचं एक चपटं शीत नखाने खरवडलं, नाकाजवळ नेलं.

"आंबेमोहोर?"

"हो."

"निदान रोजचा तांदूळ घ्यायचा होतात."

एवढंच बोलली. मी तयारी करून बसलो होतो. आरडाओरडा होईल, अरुणाला फोन जाईल, माझ्या आईचा उल्लेख होईल. यातलं काही झालं नाही. ती उठली, हात धुतले आणि भोगीची भाजी फोडणीला टाकली. बाजरीची भाकरी केली, तीळ लावून. मला वाढली. सृष्टीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा होता. माझ्या भाकरीवर नव्हता. मी मागितला नाही.

जेवण झाल्यावर ती म्हणाली, "उद्याचं हळदीकुंकू होणार नाही. कुमुदताईंना फोन करून सांगा."

"अगं, पोरीचा पहिला सण."

"लग्नातली ती सुटसुटीत साडी नेसून मी त्यांच्यासमोर परत उभी राहणार नाही. फोन करा."

"कारण काय सांगू?"

"जे केलंत ते सांगा. धुतली, शिजवली, पॉलिश केली. क्रमाने सांगा."

फौजेत मी वरिष्ठांना वाईट बातम्या दिल्या आहेत. त्यासाठी आवाज लागतो. तो काढला, घसा साफ केला आणि नंबर फिरवला. कुमुदताईंनी लगेच उचलला.

"नमस्कार सुभेदारसाहेब. आम्ही उद्या लवकरच निघतोय हां, मेट्रोनेच येऊ. माझ्या दोन मैत्रिणी पण येणार म्हणतायत. प्रभाताईंची चंद्रकळा बघायचीय त्यांना. चालेल ना?"

प्रभावती समोर उभी राहून माझ्याकडे बघत होती.

"या," मी म्हणालो.

"अजून काही?"

"नाही. या."

फोन ठेवला. प्रभावतीने डोळे मिटले. तिच्या तोंडावर मी जे पाहिलं त्याचं वर्णन मला करता येणार नाही. सातवी पुरत नाही.

मग मी माझं कपाट उघडलं.

त्यात माझा ब्लेझर असतो. काळा, पलटणीचा, खिशावर निशाण, छातीवर पदकांची रांग. वर्षातून दोनदा निघतो, पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला. सोसायटीचा झेंडा मी फडकवतो, तेव्हा. त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही. प्रभावतीचासुद्धा नाही. एकदा धैर्यशीलने त्यावर ओला टॉवेल टाकला होता, तेव्हा मी त्याच्याशी एक महिना बोललो नव्हतो. (तेव्हा तो इंजिनियर झालेला होता.)

मी तो हँगरसकट काढला आणि तिच्यासमोर धरला.

"हे घाल. काळं आहे."

तिने ब्लेझरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"साडीवर?"

"थंडी आहे. इकडे बायका साडीवर कोट घालतातच."

मी पदकांची पट्टी सोडवायला लागलो. तिने माझा हात धरला.

"राहू द्या."

"तसं नसतं. पदकं डाव्या छातीवर ज्याने कमावली त्यानेच लावायची. घरच्यांनी लावलीच तर उजवीकडे. तेही माणूस गेल्यावर."

"मग गेलात असं समजा," प्रभावती म्हणाली. "आणि डावीकडेच राहू द्या."

संक्रांतीच्या सकाळी ऊन पडलं. लख्ख. सगळं गाझियाबाद दिसायला लागलं. मी बाल्कनीत गेलो, सूर्याकडे एकदा पाहिलं आणि आत आलो. त्याच्याशी मला बोलायचं नव्हतं.

हळदीकुंकवात पुरुषाचं काम नसतं. मी आतल्या खोलीत बसलो, दार थोडं उघडं ठेवून. (हवा यावी म्हणून.) सृष्टी काळ्या साडीत, हलव्याचा मुकुट, हलव्याची माळ, हलव्याचे तोडे घालून पाटावर बसली होती, जपून, कारण हलली की दागिना तडकत होता. बायका येत होत्या. प्रभावतीने साधी राखी सुती साडी नेसली होती आणि वर माझा ब्लेझर. बाह्या तिला लांब होत होत्या. तिने त्या आत दुमडल्या होत्या.

कुमुदताई आल्या. काळी रेशमी साडी, गळ्यात मोत्यांचा सर. दारातच थांबल्या.

"प्रभाताई, चंद्रकळा कुठाय?"

मी श्वास धरला. आता क्रमाने येणार, मला वाटलं. धुतली, शिजवली, पॉलिश केली.

"चंद्रकळा यांनी ठेवली आहे," प्रभावती म्हणाली. "आज मी हा घातला."

"हा तर साहेबांचा ना?"

"अंगावर कुणाच्या आहे?"

कुणीतरी हसलं. एका मैत्रिणीने विचारलं, ही पदकं कशाची. माझ्या ब्लेझरविषयी मला आजवर कुणी असं विचारलं नव्हतं. प्रभावती शांतपणे सांगायला लागली.

"हे बर्फातलं. हे तिकडे बर्फात होते, मी गावी सासूबाईंजवळ. थंडी दोघांनाही सारखीच होती. हे वाळवंटातलं. तेव्हा क्वार्टर मिळालं होतं, पण नळाला पाणी नव्हतं. डोक्यावरून मी आणायचे, पोर काखेत. हे दीर्घ सेवेचं."

"किती दीर्घ?"

"अजून चालू आहे."

आता सगळ्याच हसल्या. मी दार थोडं लावून घेतलं.

"आणि हे शेवटचं?" कुमुदताईंनी विचारलं.

"हे चांगल्या वर्तणुकीचं. हे तर पूर्ण माझंच आहे. कालच कमावलं."

कुमुदताई जवळ आल्या. पदकांवरून त्यांनी बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "आमच्याकडे आयुष्यभर फायली झाल्या. हे रोज उशिरा यायचे, मी रोज गरम वाढायची. मला साधा बिल्लासुद्धा कुणी दिला नाही." मग जरा लाजून, "मी घालून बघू का एकदा?"

"नको हो," प्रभावती म्हणाली. "तुम्हाला जड होईल. सुटसुटीत नाही तो."

आमच्या घरात तो शब्द इतके महिने राहिला होता. त्या दिवशी संध्याकाळी तो आपल्या घरी परत गेला.

मग हळदीकुंकू झालं. आलेल्या प्रत्येकीने प्रभावतीला हळद लावली, कुंकू लावलं, अत्तर लावलं, गुलाबपाणी शिंपडलं. काहींची बोटं पुसली गेली ती ब्लेझरच्या कॉलरला. कुमुदताईंनी तिला कडकडून मिठी मारली, त्यांच्या कपाळाचं कुंकू छातीवर उतरलं. सृष्टी नमस्काराला वाकली, तेव्हा तिच्या मुकुटाचा हलवा पदकांत अडकला. मी फटीतून सगळं पाहिलं. दोनदा उठलो. दोनदा बसलो. बाहेर जाऊन काय सांगणार होतो? सावकाश, तो भारी आहे? मी?

सव्वीस जानेवारीला सकाळी मी ब्लेझर अंगात घातला आणि आरशासमोर उभा राहिलो. कॉलरवर पाच बोटं हळद. खिशावरच्या निशाणावर कुंकू. चांगल्या वर्तणुकीच्या फितीत साखरेचा एक दाणा चिकटलेला. आणि वास. फौजेत इतक्या वर्षांत माझ्या अंगाला मोगऱ्याचा वास कधी आला नव्हता.

"हळद लागलीय," मी म्हणालो.

"हो का," प्रभावती म्हणाली. ती केस विंचरत होती. "मी ऊन दाखवलं होतं. उलटा करून. बाकी काही केलं नाही."

मी बटणं लावली आणि खाली गेलो.

खाली सगळे जमले होते. सोसायटीचे सेक्रेटरी माइकपाशी होते. दर वर्षी ते माझं नाव घेतात, पलटणीचं नाव घेतात, टाळ्या होतात. या वर्षी पहिल्या रांगेत हळदीकुंकवाला येऊन गेलेल्या बायका बसल्या होत्या. सेक्रेटरींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्या कॉलरकडे, आणि माइकवर म्हणाले, "अब झंडा फहराएँगे हमारी मेडलवाली आंटी के हसबंड."

टाळ्या झाल्या. दर वर्षीपेक्षा जास्त. मी झेंडा फडकवला आणि सलामी दिली. हात वर गेला तसा मोगरा दरवळला आणि साखरेचा दाणा खाली पडला.

परत येताना प्रभावती जिन्याजवळ उभी होती. तिने माझ्या कॉलरवर एकदा नख घासून पाहिलं. हळद निघाली नाही.

"साडीचं फिटलं," ती म्हणाली.

मी मान हलवली.